सरिताताईची दुसरी सुई

सत्तावीस वर्षांत सरिता रंगारीने एका तपासणीसाठी कोणालाही दुसऱ्यांदा सुई टोचली नव्हती. नंदनवनापासून सक्करदऱ्यापर्यंत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला ती स्वतःच सांगायची. खोटा विनय तिच्या स्वभावात नाही. सकाळी सहाला तिची स्कूटी निघते, पुढच्या हुकाला निळी पेटी, पेटीत नळ्या, कापूस आणि रबरी पट्टा. आठला लॅबमध्ये पोचायच्या आधी सात-आठ घरांतलं रक्त गोळा झालेलं असतं. लॅबच्या मालकांनी आता नवी मुलं ठेवली आहेत, चांगली शिकलेली, हातमोजे चढवून टकाटक कामाला लागणारी. पण नंदनवनातल्या यमुताई, वय अठ्ठ्याहत्तर, नस सुतासारखी बारीक, त्या मुलांना दारातूनच परत पाठवतात. "सरिता येईन तर हात देईन, नाही तर नाही," असा त्यांचा हुकूम आहे आणि लॅब तो मुकाट पाळते.

सरिताची रीत वेगळी. ती नस आधी डोळ्यांनी शोधत नाही, डोळे फसवतात म्हणते. दोन बोटं कोपराच्या खोलगटात ठेवते आणि बोटं आपलं काम करत असताना विचारते, "काल काय जेवले?" माणसाला वाटतं, बाई गप्पा मारून राहिली. तो वांग्याची भाजी आठवेपर्यंत नळी भरलेली असते. पण त्या गप्पा नसतात. ते उत्तर ती फॉर्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवते. हे तिला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. रक्त नुसतं माणसाचं नसतं, कालच्या ताटाचंही असतं, हे तिने हजारो रिपोर्ट पाहून ताडलं होतं. यमुताई सांगतात, "दोन घास खिचडी, बाकी काही नाही वं." रक्तातली साखर सांगते की नातवाच्या वाढदिवसाचा केक झाला. सरिता दोन्ही लिहिते आणि यमुताईंकडे पाहून हसते.

ती या कामात आली ती एका कागदामुळे.

तिचे वडील गोपाळराव मेश्राम मिलमध्ये होते. १९९० साली त्यांचे पाय सुजायला लागले. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, हातात एक कागद दिला आणि तो घेऊन पुढच्या सोमवारी या म्हणून सांगितलं. सोमवारी मिलमध्ये पाळी होती. सूज थोडी उतरली होती. गोपाळरावांना मराठी छान वाचता यायचं, पेपर ते पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचे, पण तो कागद इंग्रजीत होता. त्यांनी त्याची चार पदरी घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिली. आठ महिन्यांनी त्यांना उलट्या सुरू झाल्या तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं गेलेली होती. महिन्याभरात गोपाळराव गेले.

ट्रंक आवरताना कागद सरिताच्या हाती लागला. क्रिएटिनिन नावाचा, मूत्रपिंडांची हालत सांगणारा एक शब्द आणि त्याच्यापुढच्या आकड्याभोवती लाल पेनने केलेलं गोल. ती बारावीला होती, इंग्रजीत वर्गात पहिली. "मी होती ना घरात," ती आईला म्हणाली, "मले काहून नाही दाखवला?" आई कौसल्या म्हणाली, "तुह्या परीक्षेच्या दिवसात तुले घोर नको, म्हणून बाबानं सांगतलं होतं." सरिता त्या दिवशी पोटभर रडली आणि नंतर कामाला लागली. लॅबचा डिप्लोमा केला. नागपुरात सुईचा सराव संत्र्यावर करतात असा बाहेरच्या लोकांचा समज आहे. तिने तो स्वतःच्या डाव्या हातावर केला. हात महिनाभर निळा होता. मेश्रामांच्या घरात आता कोणाचा कागद न वाचता ट्रंकेत जाणार नाही, एवढं एकच तिने ठरवलं होतं, आणि ते तिने आजवर पाळलं. तिला याचा गर्व आहे आणि तो असायलाच हवा.

आता तिच्या धाकट्या भावाकडे येऊ. अंकुश मेश्राम, वय सेहेचाळीस, हिंगण्याला एका कारखान्यात फिटर. बाप गेला तेव्हा हा अकरा-बारा वर्षांचा. सरिताने त्याला शिकवलं, आयटीआयला घातलं, लग्न लावून दिलं. माणूस लाखात एक, पण अंगाने वाढत गेला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत वजन एकशे चार, साखर काठावर, लिव्हरवर चरबी. क्रिएटिनिन मात्र ठीक, एक. वजन उतरवा, डॉक्टर म्हणाले. कसं उतरवायचं हे त्याने डॉक्टरांना विचारलं नाही, मोबाईलला विचारलं.

मोबाईलमधल्या माणसाने सांगितलं, पोळी-भात बंद, साखर बंद, स्निग्ध पदार्थ पोटभर खा, चरबीच चरबीला जाळते. तो माणूस अवोकॅडो, बदाम आणि ऑलिव्हच्या तेलाबद्दल बोलत होता. हिंगण्याच्या कँटीनमध्ये अवोकॅडो कोण आणणार? अंकुशने आपल्या अकलेने त्याचं नागपुरी केलं. स्निग्ध म्हणजे तर्री. सावजी रश्श्यावर ते जे लालभडक तिखट तेल तरंगतं ना, तेच. दुपारी मटण, संध्याकाळी मटण, वर दोन वाट्या तर्री, भाकर नाही. सकाळच्या चहात साजूक तूप. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जाऊन हा म्हणायचा, "पोहे नको, चना नको, नुसती तर्री दे." ठेलेवाला पहिल्या दिवशी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याने वाटी वेगळी काढून ठेवली.

आणि गंमत अशी की वजन उतरलं! तीन महिन्यांत सतरा किलो. पँटी ढिल्या झाल्या, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. बायको नंदिनी म्हणाली, "लग्नातल्यावाणी दिसून राहिले." कारखान्यात त्याचे चेले तयार झाले, वीस-पंचवीस जण. स्वतःला तर्री ग्रुप म्हणवून घ्यायचे आणि एकमेकांना वजनकाट्याचे फोटो पाठवायचे. सक्करदऱ्याच्या विहारातल्या मंडळाने ठरवलं की रविवारी वंदनेनंतर अंकुशचा सत्कार करायचा आणि त्याने सगळ्यांना आहार समजावून सांगायचा. सरितालाही आनंद झाला. हसतमुख भाऊ कोणाला आवडत नाही?

सत्काराआधी नवा रिपोर्ट हातात असावा म्हणून अंकुश गुरुवारी सकाळी रात्रपाळी संपवून थेट लॅबमध्ये आला. बाही वर केली. सरिताने बोटं ठेवली, बोलता बोलता सुई लावली, नळी भरली. दोघं नंदिनीच्या वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होती.

दुपारी रिपोर्ट निघाला. साखर उतरलेली, छान. त्याखाली लिव्हरचा आकडा जिथे चाळिसाच्या आत हवा तिथे एकशे बारा. वाईट कोलेस्टेरॉल वर. आणि क्रिएटिनिन एक पूर्णांक सहा. सरिताने तो आकडा दोनदा वाचला. लाल पेनचं गोल तिच्या डोळ्यांपुढे आलं.

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. अंकुश आरशापुढे सत्काराचा शर्ट घालून पाहत होता.

"हे बंद कर अंकुश," ती म्हणाली, "आजच्या आज. डॉक्टरले दाखव."

अंकुशने कागद घेतला, साखरेचा आकडा पाहिला आणि खूश झाला. "हे पाय ना! साखर उतरली."

"त्याच्या खाली पाय. किडनीचा आकडा वाढला. बाबाचा असाच वाढला होता."

"बाबाचं काढू नको तू." त्याचा आवाज चढला. "मी रातभर मशीनवर होतो. पाण्याचा थेंब पेलो नाही, उपाशी पोटी तपासायचं म्हणून. तशात तू रक्त काढलं. सॅम्पल चुकलं तुह्यं, ताई!"

नंदिनीने जीभ चावली. लाटणं हातात तसंच राहिलं. सरिताला कोणी असं कधी म्हणालं नव्हतं, लॅबच्या मालकांनीसुद्धा नाही. तिच्या तोंडावर उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. पण ते बाहेर पडायच्या आत तिला एक गोष्ट आठवली. ती तशीच चप्पल घालून निघून आली.

फॉर्मचा कोपरा कोरा होता.

तिने त्याला विचारलंच नव्हतं. साऱ्या नंदनवनाला विचारते, यमुताईंचा लपवलेला केक पकडते, आणि सख्ख्या भावाला काल काय जेवलास हे विचारायचं राहून गेलं. घरचा माणूस ना! घरच्याचं आपल्याला सगळं माहीत असतं, असं वाटतं. रात्रीच्या डब्यात मटण होतं का? किती? पाणी किती प्यायला? शिजलेलं मटण भरपूर खाल्लं आणि पाणी कमी पडलं की क्रिएटिनिन तेवढ्यापुरतं वर सरकू शकतं, हे तिला पाठ होतं. म्हणजे अंकुश वेडवाकडं बोलला असला तरी अर्धा बरोबर होता. तो आकडा खराही असेल, फुगलेलाही असेल. सांगता येत नव्हतं, आणि ते सांगता न येणं ही तिची चूक होती.

दुसऱ्या दिवशी ती डॉ. उत्तरा यांच्याकडे गेली. किडनीच्या डॉक्टर, वयाने सरितापेक्षा लहान, पण सरिता त्यांना मानते. त्यांनी रिपोर्ट शांतपणे पाहिला. "सरिताताई, हा आहार म्हणजे विष नाही. पोळी-भात कमी केल्याने बऱ्याच जणांची साखर उतरते, काहींच्या लिव्हरवरची चरबीसुद्धा कमी होते. पण कोणती चरबी खाता, मटण किती, पाणी किती, आणि मुळात किडनी कशी आहे, यावर सगळं ठरतं. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी विचारल्याशिवाय करू नये. दुखण्याच्या गोळ्या घेतात का ते?"

"गुडघ्यासाठी घेते. रोज एक, कधी दोन."

डॉक्टरांनी मान हलवली. "त्या आधी बंद. दोन-तीन दिवस मटण नको, पाणी व्यवस्थित, मग पुन्हा रक्त आणि लघवी तपासा. त्याशिवाय मी काही सांगणार नाही. मुतखडा झाला नाही हे नशीब समजा."

पुन्हा रक्त. म्हणजे दुसरी सुई. आणि अंकुश तर तिचा फोनही उचलत नव्हता.

रविवारी विहार भरला होता. वंदना झाली. पुढच्या रांगेत अंकुश, नव्या शर्टात, सरळ बसलेला. त्याच्यामागे तर्री ग्रुपचे लोक बायका-मुलांना घेऊन आलेले. म्हातारी माणसं होती, साखरेची, बीपीची, सरिता ज्यांच्या नसा नावानिशी ओळखते अशी. तिने मनात मोजलं, यांतल्या निदान दहांची किडनी आधीच नाजूक आहे. अध्यक्षांनी शाल काढली. तेवढ्यात सरिता उठली.

"जयभीम. मले दोन मिनिटं बोलायचं आहे."

अंकुशचा चेहरा उतरला. आता ताई भर सभेत माझा रिपोर्ट वाचणार, असं त्याला वाटलं. सरिताने रिपोर्ट काढलाच नाही. आकडा त्याचा होता, तो सांगायचा हक्क तिला नव्हता.

"तुम्ही सगळे मले ओळखता," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं झाली, मी कोणाले दुसऱ्यांदा सुई नाही टोचली. मी हे सांगत फिरते, हे बी तुम्हाले मालूम आहे." लोक हसले. "गुरुवारी माह्याकडून चूक झाली. मी अंकुशचं रक्त घेतलं आणि काल काय जेवला, पाणी किती पेला, हे विचारलंच नाही. भाऊ म्हणून विसरली. त्या रिपोर्टचा भरोसा राहिला नाही. मले त्याले पुन्हा टोचायचं आहे. पहिल्या खेपेले चूक माही झाली, हे मी तुमच्यासमोर कबूल करून राहिली. दुसरा रिपोर्ट चांगला आला तर सत्कारात मी स्वतः सगळ्यांले तर्री वाढीन. तोपर्यंत हा आहार कोणी सुरू करू नका, आणि सुरू केला असेल त्यानं आधी डॉक्टरले दाखवा."

मागून यमुताईंचा आवाज आला, "सरिता चुकली?" त्या मुद्दाम नंदनवनहून रिक्षाने आल्या होत्या. त्यांना ते खरंच वाटेना. सरिता मान ताठ ठेवून उभी राहिली, पण तिचे हात पदराशी चाळा करत होते आणि अंकुशला ते दिसले. हे हात त्याने कधी असे चुळबुळताना पाहिले नव्हते. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा नाही. ताई चुकली असं तो तिला घरात म्हणाला तेव्हा चार भिंती होत्या. आता ती तेच स्वतःच्या तोंडाने साऱ्या वस्तीसमोर सांगत होती, आणि कशासाठी, तर त्याने पुन्हा एकदा हात पुढे करावा म्हणून.

अंकुश उठला. अध्यक्षांच्या हातातली शाल त्याने हळूच खाली ठेवायला लावली. "सत्कार थांबवा गा," तो म्हणाला. "आधी ताईचं होऊ द्या."

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं ताईकडून ऐकून, तीन दिवस पाळून, बुधवारी सकाळी तो लॅबमध्ये आला. सरिताने पट्टा बांधला. उजव्या कोपरात गुरुवारची खूण अजून पुसट दिसत होती. तिने बोटं ठेवली आणि विचारलं, "काल काय जेवला?"

"वरण, पालकाची भाजी, अर्धी ज्वारीची भाकर. मटण रविवारपासून नाही. गोळी नाही. पाणी तीन बाटल्या." मग जरा थांबून म्हणाला, "गुरुवारच्या आदल्या रातीले दोन डबे मटण खाल्लं होतं मी. पाणी नाही. खरं सांगतो."

सरिताने सगळं कोपऱ्यात लिहिलं. मग सत्तावीस वर्षांतली पहिली दुसरी सुई तिने आपल्याच भावाला टोचली.

क्रिएटिनिन एक पूर्णांक चार आलं. लघवीत थोडी प्रथिनं. म्हणजे गुरुवारचा आकडा फुगलेला होता, आणि तरी किडनीचं दुखणं खरं होतं. दोघंही थोडे बरोबर होते, पण त्यावर भांडायला कोणाला वेळ नव्हता. डॉ. उत्तरा म्हणाल्या, "लवकर सापडलं. अजून मागे फिरवता येईल. आठ महिन्यांनी आला असतात तर मला हे म्हणता आलं नसतं." आठ महिने हे शब्द ऐकून बहीण-भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. डॉक्टरांना त्याचं कारण कळलं नाही.

तर्री सुटली. सोपं नव्हतं. ठेलेवाल्याने आठवडाभर वाटी बाजूला काढून ठेवली आणि मग नाद सोडला. डॉक्टरांनी सगळं मागे नेलं नाही. साखर, मैदा, भाताचा डोंगर बंदच राहिला, पण अर्धी भाकर परत आली, डाळ आली, भाज्या आल्या, मटण महिन्यातून दोनदा आणि मापात. मशीनशेजारी पाण्याची बाटली आली. तर्री ग्रुपचं नाव अंकुशने स्वतः बदललं आणि ग्रुपमधल्या तेवीसही जणांना तपासणीला आणलं. सहा जणांचे आकडे वर निघाले. दोघांना तर आधीपासून किडनीचा त्रास होता आणि त्यांना तो माहीतच नव्हता. बाकीचे ठणठणीत होते, त्यांना डॉक्टरांनी तेल बदलायला सांगून सोडून दिलं. त्या तेवीस जणांचं रक्त सरिताने एका सकाळी काढलं, प्रत्येकाला एकेक सुई, प्रत्येक फॉर्मचा कोपरा भरलेला. लॅबमधली नवी मुलं उभी राहून पाहत होती. त्यांतली नूपुर नावाची मुलगी त्या दिवसापासून पेशंटला विचारायला लागली, "काल काय जेवले?"

सहा महिन्यांनी अंकुश पुन्हा आला. वजन सत्त्याऐंशीवरून जरा वर, नव्वदवर येऊन तिथेच टिकलेलं. ओळखीचा फायदा न घेता त्याने नंबर घेतला आणि बाकावर इतरांसोबत बसला. शेजारी एक तरुण बाई घाबरून बसली होती. तिच्या हातावर आधीच्या कुठल्या लॅबमधल्या तीन निळ्या खुणा होत्या.

"लय दुखते का हो?" तिने विचारलं.

अंकुशने खिशातून पाकीट काढलं. त्यात चार पदरी घडीचा एक जुना पिवळा कागद होता, लाल गोलाचा. सरिताने तो त्याला दुसऱ्या रिपोर्टच्या दिवशी दिला होता. त्याने घडी उघडली, बाबांचं नाव एकदा वाचलं आणि कागद पुन्हा नीट ठेवला.

"नाही दुखत वं बाई," तो म्हणाला. आवाज मुद्दाम मोठा, काउंटरपलीकडे ऐकू जाईल असा. "ते माही बहीण आहे. साऱ्या नागपूरले ते एकच सुई लावते. दोन फक्त मले लावल्या. म्हणून मी आज इथं बसून आहो."

आतून सरिताची हाक आली, "पुढचा नंबर!" अंकुश बाही वर करत उठला आणि तिने विचारायच्या आधीच कालचं जेवण सांगायला लागला.